घर बघावं पावसात

विकत घ्यायच्या इराद्याने कुणाचं घर बघायला गेले की मी आधी कपाटं उघडते. बैठकीची खोली, स्वयंपाकघर, खिडकीतून दिसणारं झाड वगैरे सगळं नंतर. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं असेल तर आत डोकं घालून चांगला खोल श्वास घेते. नवऱ्याला हे अजिबात आवडत नाही. "अगं, लोकांची कपाटं काय उघडतेस!" असं दबक्या आवाजात म्हणून तो दलालाशी घाईघाईने हवापाण्याच्या गप्पा सुरू करतो. माझाही विषय हवापाण्याचाच असतो, फक्त घरातल्या.

विकायला काढलेलं घर नटूनथटून बसलेलं असतं. सकाळपासून खिडक्या उघड्या टाकून खोल्या मोकळ्या केलेल्या असतात. कोपऱ्यात सुगंधी मेणबत्ती तेवत असते. आपण यायच्या तासभर आधी हीटर लावलेला असतो. कधीकधी एकाच भिंतीला, तेही अर्ध्याच उंचीपर्यंत, ताजा रंग दिलेला दिसतो. कपाटाच्या आतून रंग द्यायचं मात्र सहसा कुणाला सुचत नाही. तिथली हवा हलत नाही, हीटरची ऊब तिथवर पोचत नाही, आणि मागची भिंत तर घरातल्या सगळ्यात गार जागांपैकी एक. त्यामुळे घरात ओल असेल तर तिचा पत्ता पहिल्यांदा तिथेच लागतो. चामड्याच्या बुटांवर पांढुरकी बुरशी, जुन्या कोटाला येणारा कुबट वास, मागच्या फळीवर काळे ठिपके. एवढं दिसलं की पुढच्या खोल्या मी सौजन्य म्हणून बघते.

आम्ही राहतो तिथला हिवाळा लांब, गार आणि ओला असतो. सासूबाईंना दमा आहे. धाकट्या लेकीचा खोकला थंडी सुरू झाली की मुक्कामाला येतो आणि थंडी संपेपर्यंत हलत नाही. घर शोधायचं ठरलं तेव्हा नवऱ्याने एक तक्ता केला. ऊबदारपणा, कोरडेपणा, विजेचा खर्च असे तीन रकाने, आणि प्रत्येकाला दहापैकी गुण. तक्ता देखणा होता. पण हे तीन वेगळे विषय आहेत हेच मला मान्य नव्हतं. घर कोरडं असेल तर ऊब थोडक्यात येते आणि टिकते, आणि ऊब टिकली की बिल आपसूक उतरतं. ओल असेल तर बाकीच्या दोन रकान्यांवर कितीही पैसे ओता, ते भिंतीत जिरतात. म्हणून घर बघताना मी ऊब शोधतच नाही. मी पाणी शोधते. ते घरात कुठून येतं आणि घराबाहेर कसं जातं, एवढं कळलं की बाकीचं बरंचसं कळतं.

यातलं गणित शाळेतलंच आहे. हवा जितकी उबदार, तितकी तिच्यात वाफ जास्त मावते. २० अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे १७ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात राहू शकतं. १० अंशांना ते जेमतेम ९ ग्रॅमवर येतं आणि शून्याला ५ ग्रॅमही उरत नाही. आता संध्याकाळची घरातली हवा घ्या: तापमान २० अंश, आर्द्रता ६० टक्के. ही हवा १२ अंशांच्या कुठल्याही पृष्ठभागाला टेकली की तिला आपलं पाणी सोडून द्यावं लागतं. हिवाळ्यातल्या रात्री एकेरी काचेची खिडकी सहज त्याच्या खाली जाते. सकाळी तावदानावर ओघळ दिसतात ते त्यामुळे. ते निदान दिसतात तरी, फडक्याने पुसता येतात.

बुरशीला मात्र थेंबांचीही गरज नसते. पृष्ठभागालगतची आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास सलग काही दिवस राहिली तरी तिचं काम होतं. म्हणजे २० अंश आणि ५० टक्के आर्द्रता, जिच्याबद्दल कुणी तक्रार करणार नाही अशी हवा, एखाद्या कोपऱ्यात भिंतीचं तापमान १२.६ अंशांपर्यंत उतरलं की त्या कोपऱ्यापुरती बुरशीच्या सोयीची होते. जर्मनीच्या बांधकाम मानकांत खोलीच्या कोपऱ्याची परीक्षा याच १२.६ अंशांवर घेतात. कोपराच का? कारण तिथे दोन बाहेरच्या भिंती मिळतात. आतल्या बाजूने जागा थोडी, बाहेरच्या बाजूने जास्त, त्यामुळे उष्णता तिथून भराभर निसटते. त्यात आपण त्याच कोपऱ्यात पलंग किंवा कपाट सरकवतो आणि आतून मिळणारी थोडीबहुत ऊबही अडवतो. मुलांची खोली म्हणून आपल्याला दाखवतात ती बहुतेक वेळा घरातली सगळ्यात लहान, टोकाची, दोन बाजूंनी उघडी खोली असते. भिंतीवर ढग आणि जिराफ रंगवलेले असतात. मी जिराफाच्या पायांशी हात लावून बघते.

घरात हे पाणी येतं कुठून? बरंचसं आपण स्वतःच आणतो. श्वास, घाम, अंघोळ, स्वयंपाक, वाळत घातलेले कपडे हे सगळं धरलं तर चार माणसांचं कुटुंब दिवसाला दहा लिटरच्या आसपास पाणी घरातल्या हवेत सोडतं. धुराडं नसलेला गॅसचा हीटर असेल तर विचारूच नका. एक किलो गॅस जळला की दीड लिटरहून जास्त पाणी वाफ होऊन खोलीत येतं. ज्या यंत्राने खोली गरम करायची त्यानेच ती भिजवायची, वर ज्वलनातून निघणारे वायू दम्याच्या माणसाच्या छातीत भरायचे. असा हीटर घरात असला म्हणून मी घर नाकारत नाही, तो उचलून बाहेर ठेवता येतो. मात्र इतकी वर्षं तो का लागला, हे विचारते.

पाणी बाहेर काढायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे खिडकी, आणि त्यावरून सासूबाईंशी माझे मतभेद आहेत. "बाहेर धो धो पाऊस, आणि तू खिडकी उघडून घर कोरडं करणार?" त्यांचा प्रश्न रास्त वाटतो, कारण त्यांच्या अंगात मुरलेला पाऊस उष्ण हवेतला आहे. थंडीतला पाऊस वेगळा. बाहेर ५ अंश आणि हवा पाण्याने अगदी संपृक्त, म्हणजे शंभर टक्के, असली तरी तिच्या घनमीटरमध्ये पाणी असतं सात ग्रॅमपेक्षा कमी. तीच हवा आत येऊन २० अंशांना तापली की तिची आर्द्रता ४० टक्क्यांच्या घरात येते. समोरासमोरच्या दोन खिडक्या पाचदहा मिनिटं सताड उघडल्या तर दमट हवा निघून जाते आणि भिंती गार व्हायला वेळही मिळत नाही. दिवसभर एक फट ठेवण्यापेक्षा हे केव्हाही बरं. उन्हाळ्यातल्या दमट दिवशी मात्र सासूबाईंचंच बरोबर. तेव्हा बाहेरची हवा गार तळघरात घेतली तर तळघर ओलं होतं. आमच्याकडे सध्या तह झालेला आहे: थंडीत माझं ऐकायचं, उन्हाळ्यात त्यांचं.

आतून येणाऱ्या पाण्याला निदान सवयी बदलून आळा घालता येतो. बाहेरून येणाऱ्या पाण्याची गोष्ट निराळी. घर बघायला पावसात जावं, तेही पाऊस थांबायची वाट न बघता. ऊन पडलेलं असताना सगळीच घरं सज्जन दिसतात. भर पावसात छत्री घेऊन आधी बाहेरून एक फेरी मारावी. पन्हळी भरून वाहतात का, खाली येणाऱ्या नळाचं पाणी कुठे सुटतं, अंगणाचा उतार घराकडे आहे की घरापासून लांब, जोत्याशी डबकं साचतं का. मागच्या मालकाने हौसेने फुलझाडांचे वाफे भिंतीला भिडवून केलेले असतात, माती जोत्याच्या वरपर्यंत चढवलेली असते, आणि भिंतीतला ओल अडवणारा थर त्या मातीखाली गाडला गेलेला असतो. जमिनीतली ओल मग त्या थराला वळसा घालून वर चढते. असल्या घरात मला आशेला जागा दिसते, कारण उपाय फावड्याने करण्यासारखा असतो. एका घराच्या बाबतीत दलाल ओल थांबवायला भिंतीत रसायन टोचण्याबद्दल बोलत होता आणि मी बघत होते की वरची पन्हळ मधोमध फुटली आहे आणि सगळं पाणी नेमकं त्याच भिंतीवर पडतंय.

ओल कुठली हे ओळखायला फार हुशारी लागत नाही, डोळे मात्र लागतात. जमिनीतून चढलेली ओल खालून वर येते, साधारण मीटरभर उंचीवर दमते आणि तिथे एक वेडावाकडा पट्टा सोडते. तिथे लोणा, म्हणजे पांढरट क्षार, फुटतो, गिलावा हाताला भुसभुशीत लागतो, रंगाचे पोपडे सुटतात. छपरातून किंवा भिंतीच्या भेगेतून आलेल्या पाण्याचा डाग कुठेही असू शकतो, त्याला तपकिरी कडा असते आणि पावसागणिक तो वाढतो. हवेतून बसलेली ओल कोपऱ्यात, खिडकीच्या कडेला, कपाटामागे काळे ठिपके काढते आणि तिथे लोणा नसतो. शंका असेल तर ॲल्युमिनियमच्या पातळ कागदाचा एक तुकडा भिंतीला चारी कडांनी घट्ट चिकटवून एकदोन दिवस ठेवायचा. पाणी खोलीकडच्या बाजूला धरलं तर ते हवेतलं, भिंतीकडच्या बाजूला धरलं तर भिंतीतलं. दुसऱ्याच्या घरात हे करू देतील असं नाही. मात्र विचारल्यावर समोरच्याचा चेहरा कसा होतो, तेही पुरतं.

छपराच्या पुढे आलेल्या वळचणीवर माझा फार जीव आहे. पाऊस भिंतीपासून लांब ठेवायचा याहून साधा, न बिघडणारा उपाय कुणी शोधलेला नाही. १९८० आणि ९० च्या दशकांत कॅनडातल्या व्हँकूवर परिसरात, आणि १९९० च्या दशकापासून पुढची काही वर्षं न्यूझीलंडमध्ये, गुळगुळीत भिंतींची, वळचण जवळजवळ नसलेली घरं मोठ्या संख्येने बांधली गेली. दिसायला झकास. भिंतीच्या बाहेरच्या आवरणामागे पाणी निथळून जायला आणि हवा खेळायला पोकळी नव्हती. खिडक्यांच्या कडेने आत शिरलेलं पाणी आतच राहिलं. न्यूझीलंडमध्ये तर त्याच काळात औषध न मारलेलं लाकूड सांगाड्यात वापरायला परवानगी मिळालेली होती, ते कुजलं. हजारो कुटुंबांना राहती घरं उकलून पुन्हा बांधावी लागली. पाणी आत शिरणारच, असं धरून चालावं आणि ते बाहेर कसं पडेल याची सोय बघावी, हे त्या दोन्ही ठिकाणी फार महागात शिकायला मिळालं. तेव्हापासून सपाट छपराचं, पेटीसारखं घर कितीही सुंदर दिसलं तरी माझे प्रश्न वाढतात.

लाकडी तक्तपोशी, म्हणजे पायाखालची फळ्यांची जमीन, मातीपासून उचललेली असेल तर खाली वाकून बघावं, निदान कुणाला तरी विजेरी देऊन पाठवावं. घराखालच्या उघड्या मातीतून रोज कित्येक लिटर पाणी वाफ होऊन वर येऊ शकतं. मातीवर जाड प्लास्टिकचा कागद नीट सांधून अंथरला तर तो रस्ता बंद होतो. हा घरातल्या सगळ्यात स्वस्त सुधारणांपैकी एक, आणि जाहिरातीत हिचा फोटो कधीच नसतो.

आता उन्हाकडे. घरातल्या बहुतेक गोष्टी पैसे खर्चून बदलता येतात, घराचं तोंड बदलता येत नाही. उत्तर गोलार्धात हिवाळ्यातला सूर्य दक्षिणेकडे कलून खालून जातो, दक्षिण गोलार्धात उत्तरेकडून. त्या बाजूला बसायच्या खोल्यांच्या खिडक्या असतील तर दुपारची ऊब फुकट मिळते. उन्हाळ्यात तोच सूर्य डोक्यावरून जातो, तेव्हा मघाशी म्हटलेली वळचण त्याला अडवते. हे कुणी नव्याने शोधलेलं नाही. ग्रीसमधल्या ओलिंथस या प्राचीन नगरात घरं आखीव ओळींमध्ये बांधलेली होती. अंगण दक्षिणेला, त्याच्या उत्तरेला ओसरी आणि तिच्यामागे मुख्य खोल्या, म्हणजे हिवाळ्याचं ऊन अंगणावरून थेट ओसरीत. इ.स.पूर्व ३४८ मध्ये मॅसिडोनियाच्या दुसऱ्या फिलिपने ते नगर उद्ध्वस्त केलं, म्हणून त्याचे पाये पुढच्या वस्तीखाली न दबता उत्खननात सापडले. आज आपण रस्त्याच्या बाजूला तोंड करून घर बांधतो आणि ऊन न्हाणीघराला देतो.

दिशा बघताना नुसतं होकायंत्र पुरत नाही. समोरची टेकडी, शेजाऱ्याची तिमजली इमारत, सदाहरित झाडांची रांग या सगळ्यांची सावली हिवाळ्यात लांबते. उन्हाळ्यात पाहिलेलं लख्ख घर डिसेंबरात (दक्षिण गोलार्धात राहणाऱ्यांनी जूनमध्ये म्हणावं) दिवसभर सावलीत असू शकतं. पश्चिमेच्या मोठ्या काचेपासूनही जपून राहावं. तिन्हीसांजेला ती छान दिसते, पण उन्हाळ्यात खालून येणारं ते ऊन कुठलीच वळचण अडवत नाही.

घराचा आकारही तसाच, न बदलणारा. चौकोनी, आटोपशीर घराला बाहेरच्या भिंती कमी. शेजाऱ्यांशी दोन्ही बाजूंनी भिंत वाटून घेतलेलं मधलं घर त्याहून चांगलं. कोनाडे, कंगोरे, पुढे आलेल्या खोल्या, आतल्या काँक्रीटच्या स्लॅबलाच जोडून बाहेर काढलेल्या गच्च्या, या सगळ्या वाटांनी उष्णता निसटते.

मग येतं इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर, आणि तिथे मी पुन्हा हट्टी होते. पोटमाळ्यावर चढायची शिडी मागते. छताच्या वर जाड, सलग, न दबलेला, न भिजलेला थर आहे का, दिव्यांभोवती आणि कडेला भोकं सोडली आहेत का, हे बघते. घरोघरी जाऊन हे करण्याचा परिणाम काय होतो ते न्यूझीलंडमध्ये सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासक फिलिपा हॉडेन-चॅपमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजलं. कमी उत्पन्नाच्या सात वस्त्यांमधली १३५० घरं त्यांनी निवडली. सगळ्याच घरांत कुणी ना कुणी श्वसनविकाराचा रुग्ण होता. चिठ्ठ्या टाकल्यासारखी निम्मी घरं वाटून त्यांना आधी इन्सुलेशन बसवलं, उरलेल्यांना नंतर. २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. झोपायच्या खोलीचं तापमान सरासरी अर्धाच अंश वाढलं होतं आणि आर्द्रता दोनसव्वादोन टक्क्यांनी उतरली होती. आकडे अगदी किरकोळ वाटतात. पण त्या घरांत ऊर्जा सुमारे एकपंचमांश कमी लागली, छातीची घरघर कमी झाली, मुलांच्या शाळा कमी बुडाल्या आणि मोठ्यांच्या कामावरच्या रजा कमी झाल्या. ते वाचल्यावर मी तक्त्यावरची नवऱ्याशी चाललेली वादावादी जिंकले असं मला वाटलं. तो अजून तसं मानत नाही.

याच अभ्यासामुळे जुन्या मालकाची बिलं बघताना मी सावध असते. हिवाळ्याचं बिल कमी आलं म्हणजे घर चांगलं, असं नसतं. कुडकुडत बसणाऱ्या माणसांचंही बिल कमीच येतं. म्हणून बिलाबरोबर विचारते: घरात किती माणसं होती, दिवसा कुणी असायचं का, किती खोल्या गरम करायचात? एका घरी मालकीणबाई मोठ्या अभिमानाने म्हणाल्या, "आम्हाला हीटर लागतच नाही, आम्ही अंगावर रजया घेऊन बसतो." जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये घरांसाठी दिलेल्या मार्गदर्शनात थंडीत आतलं तापमान निदान १८ अंश असावं असं म्हटलं आहे, आणि म्हातारी माणसं, लहान मुलं, आजारी माणसं असतील तर त्याहून थोडं जास्त लागू शकतं, असंही. घराचा खर्च मोजायचा तो तेवढी ऊब धरून. रजईच्या हिशेबाने सगळीच घरं परवडतात.

नुसतं इन्सुलेशन भरून भागत नाही, हेही सांगायला हवं. लोकरीचा जाड स्वेटर घालून भणाण वाऱ्यात उभं राहिलं तर वारा आरपार जातो, तसंच घराचं. फटी बंद असायला हव्यात. कॅनडातल्या रिजायना शहरात १९७७ साली सस्कॅचेवन कॉन्झर्वेशन हाऊस नावाचं एक घर उभं राहिलं. जाड भिंती, जवळजवळ हवाबंद बांधणी, आणि बाहेर जाणाऱ्या हवेची ऊब आत येणाऱ्या हवेला देणारं यंत्र. तिथली थंडी हाडं गोठवणारी, तरी त्यात घर तापवणारी नेहमीची भट्टी बसवलेली नव्हती. पुढे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ वोल्फगांग फाइस्ट आणि स्वीडनचे प्राध्यापक बो अ‍ॅडमसन यांनी हाच विचार नेटाने पुढे नेला आणि जर्मनीतल्या डार्मश्टाट शहरात १९९१ मध्ये चार जोडघरं राहती झाली. त्यातून 'पॅसिव्ह हाऊस'चं मानक आलं: गरम करायला दर चौरस मीटरला वर्षाला फार तर १५ युनिट ऊर्जा, आणि पंखा लावून ५० पास्कल दाब दिला तर तासाला घरातल्या हवेच्या ०.६ पटीपेक्षा जास्त हवा फटींतून जाता कामा नये. दाराच्या चौकटीत पंखा बसवून घेतात ती चाचणी शक्य असेल तर एकदा जरूर बघावी. चालू असताना हात फिरवत घरभर हिंडायचं. विजेची बटणं, तक्तपोशीच्या कडा, पोटमाळ्याचं झाकण, अशा कुठल्या कुठल्या ठिकाणांहून बोटांना गार झुळूक लागते. फटी बुजवल्यावर हवेची सोय मात्र हिशेबाने करावी लागते. घर घट्ट बांधायचं आणि हवा बदलायचा मार्ग ठेवायचा नाही, तर दहा लिटर पाणी आत कोंडलं जातं आणि आपण फिरून कपाटातल्या बुटांपाशी येतो.

खिडक्यांबद्दल थोडक्यात. एकेरी काच दुहेरीच्या साधारण दुप्पट उष्णता घालवते, आणि पातळ धातूचा लेप आणि मधे आर्गॉन वायू असलेली चांगली दुहेरी काच एकेरीच्या पाचव्या हिश्शाएवढीच. फरक मोठा आहे. पण एका घराच्या सगळ्या खिडक्या बदलायच्या पैशांत पोटमाळा, तक्तपोशीखालची माती आणि पन्हळी असं सगळं करून पैसे उरतात. खिडक्या पाहुण्यांना दिसतात, म्हणून लोक तिथून सुरुवात करतात. दोन काचांच्या मधे धुकं दिसलं तर त्यांची हवाबंद कड निकामी झाली समजावं. ते पुसून जात नाही.

हीटर, हीट पंप वगैरे यंत्रांना माझ्या लेखी सगळ्यात कमी गुण. हीट पंप चांगलाच. एका युनिट विजेत तीन युनिटांच्या आसपास उष्णता देतो, कारण ती तो तयार करत नाही, बाहेरून आत ओढून आणतो. बाहेर फार गार असलं की त्याचीही दमछाक होते. पण यंत्र पंधरावीस वर्षांनी बदलावंच लागणार असतं. "नवा कोरा हीट पंप बसवलाय" हे वाक्य ऐकून घराची किंमत मान्य करणं मला जमत नाही. गळक्या घरात मोठा हीट पंप लागतो, चांगल्या घरात छोटा. ऊर्जेचं प्रमाणपत्रही तसंच जपून वाचावं. युरोपात २००२ च्या निर्देशानंतर घर विकताना असं प्रमाणपत्र द्यायची पद्धत रुजली. घराघरांची तुलना करायला ते उपयोगी आहे, पण ते ठरावीक वापर गृहीत धरून केलेलं गणित असतं. पन्हळ फुटकी आहे का, हे प्रमाणपत्रावरच्या अक्षरी श्रेणीत येत नाही.

शेवटी आम्ही घेतलेल्या घराला तक्त्यात अव्वल गुण नव्हते. ऊन चांगलं, उतार घरापासून लांब जाणारा, वळचण दोन फूट, दोन्ही बाजूंना शेजारी. खिडक्या जुन्या, पोटमाळ्यावर इन्सुलेशन नावापुरतं, आणि स्वयंपाकघराच्या टाईल्स शेवाळी हिरव्या, त्यावर नारिंगी फुलं. नवऱ्याला वाटत होतं आधी टाईल्स बदलाव्यात, निदान लोक येतील तेव्हा. पैसे पन्हळींवर, घराखालच्या प्लास्टिकवर आणि पोटमाळ्यावर गेले. न्हाणीघरात बाहेर हवा टाकणारा पंखा लागला. लेकीचा पलंग बाहेरच्या भिंतीपासून काढून आतल्या भिंतीला लावला, तेव्हा तिने भिंतीवर जिराफ रंगवून हवेत म्हणून अट घातली, ती मान्य झाली. सासूबाईंनी आपली खोली दुपारचं ऊन येतं तीच निवडली आणि त्यावर कुणी वाद घातला नाही. घरभरणीला आलेले लोक टाईल्सवर बोलतात, काही जण हसू दाबतात, आणि नवरा माझ्याकडे बघतो. पोटमाळा बघायची इच्छा मात्र आजवर एकानेही व्यक्त केलेली नाही. शिडी तिथेच उभी आहे, आणि मी दाखवायला केव्हाही तयार असते.